हे देणं कुठलं? साउथ फोर्कचं धरण, १८८९

डिसेंबर १८८० मधली ही पत्रं आहेत. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचं पोलादाचं गाव आहे. तिथल्या कँब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना बेंजामिन रफ यांनी लिहून कळवलं की, तुम्हाला आणि तुमच्या माणसांना आमच्या उपक्रमापासून कसलाही धोका नाही. हा उपक्रम म्हणजे गावाच्या वर १४ मैलांवर, डोंगरात, साउथ फोर्कपाशी, मातीच्या धरणामागे साठवलेला तलाव. त्या तलावाचा मालक होता पिट्सबर्गच्या धनिकांचा एक क्लब, आणि रफ हे त्या क्लबचे संस्थापक.

साडेआठ वर्षांनी तो तलाव तासाभरात गावावर आला आणि २,२०९ माणसं मेली.

श्रीमंतांनी इतरांना मदत करणं हे त्यांचं नैतिक कर्तव्य आहे का, या प्रश्नावरचा वाद बहुतेक वेळा दानाच्या रकमेवर येऊन अडकतो. किती द्यावं, कुणाला द्यावं, नाही दिलं तर दोष लागतो का, याभोवतीच तो फिरतो. साउथ फोर्कचं प्रकरण मी निवडलं, कारण इथे दान झालं, तेही नाव घेण्याजोगं झालं, आणि तरीही कर्तव्याची फिर्याद तशीच उभी राहते. मराठीत ‘देणं’ हा शब्द दानालाही चालतो आणि कर्जालाही. ‘त्याचं माझ्याकडे देणं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा तिथे उपकाराचा प्रश्नच नसतो. हे सगळं प्रकरण या दोन अर्थांच्या मधल्या फटीत घडलं, असं मला वाटतं.

धरण आणि त्याचे मालक

हे धरण क्लबने बांधलेलं नव्हतं. पेन्सिल्व्हेनिया राज्याने आपल्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८३८ मध्ये काम सुरू केलं आणि १८५३ मध्ये पुरं केलं. ७२ फूट उंच, ९३१ फूट लांब, मातीचं. तोवर रेल्वे आली आणि कालव्याची गरजच संपली. धरण रेल्वे कंपनीकडे गेलं, १८६२ मध्ये एकदा फुटलं, पण तेव्हा तलावात पाणी थोडं होतं म्हणून निभावलं. पुढे ते जॉन रायली या माजी लोकप्रतिनिधींनी विकत घेतलं आणि १८७९ मध्ये रफ यांना विकलं. दरम्यान एक गोष्ट घडली. धरणाच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी ओतीव लोखंडाचे पाच नळ होते. ते काढून भंगारात विकले गेले.

धरणाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. तळाचे नळ असतील तर पाणी हवं तेव्हा उतरवता येतं, भिंतीची डागडुजी करता येते, पावसाळा जोरात असला तर आधीच जागा करून ठेवता येते. नळ गेले की तलाव कायम भरलेला राहणार, आणि बाहेर पडायला पाण्याला सांडव्याखेरीज वाट नाही.

रफ यांनी साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब स्थापन केला. सभासद साठेक. त्यांत कोळशाच्या धंद्यातले हेन्री क्ले फ्रिक होते, बँकवाले अँड्र्यू मेलन होते, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होते, पुढे देशाचे महान्यायवादी झालेले वकील फिलँडर नॉक्स होते. उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या धुरातून सुटून इथे यायचं, नौका वल्हवायच्या, मासे पकडायचे. क्लबच्या सनदेची नोंद झाली ती पिट्सबर्गच्या ॲलेघेनी काउंटीत, धरण ज्या कँब्रिया काउंटीत होतं तिथे नाही.

क्लबने फुटलेली जागा दगड, माती, झाडांच्या फांद्या, गवत असं काहीबाही भरून बुजवली. त्या कामावर जाणकार अभियंता नव्हता. नळ पुन्हा बसवले नाहीत. भिंतीच्या माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून माथा काही फूट खाली आणून रुंद केला. आणि तलावात सोडलेले बास मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर, पुलाच्या खांबांना, लोखंडी जाळ्या लावल्या.

या जाळ्यांपाशी थोडं थांबायला हवं. सांडव्याचं काम एकच, जास्तीचं पाणी अडथळ्याविना जाऊ देणं. तिथे मासे अडवणारी जाळी बसवली की ती पालापाचोळा, फांद्या, ओंडकेही अडवते, आणि पूर येतो तेव्हाच हे सगळं वाहून येतं. म्हणजे जाळी नेमकी नको त्या दिवशी बंद दार होते. शिवाय साउथ फोर्क स्टेशनवर उतरून क्लबहाउसला जाणारा रस्ता या भिंतीवरूनच आणि सांडव्यावरच्या या पुलावरूनच जात होता. येणाऱ्या प्रत्येक सभासदाची बग्गी त्या जाळ्यांवरून गेली. एका हाताला तलाव, दुसऱ्या हाताला खोल दरी. त्या दरीतून नदी कुठे जाते हे विचारायला अभियंता असण्याची गरज नव्हती.

मॉरेल यांनी काय केलं

मॉरेल यांनी विचारलं. त्यांनी जॉन फुल्टन या अभियंत्याला नोव्हेंबर १८८० मध्ये धरण पाहायला पाठवलं. फुल्टन यांनी दोन दोष ठळकपणे मांडले. पाणी उतरवण्याची सोय नाही, आणि दुरुस्ती कच्ची असून तिथून गळती आहे. रफ यांनी उत्तरात फुल्टन यांच्या चुका काढल्या आणि वर सांगितलेलं आश्वासन दिलं.

मॉरेल यांनी महिनाअखेरीस पुन्हा लिहिलं. हे दुसरं पत्र मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. त्यांनी म्हटलं की हे धरण खालच्या लोकांच्या जिवावर आणि मालमत्तेवर कायमची टांगती तलवार आहे. आणि ते पूर्ण सुरक्षित करायला आमची कंपनी खर्चाचा वाटा उचलायला तयार आहे. म्हणजे ज्याला धोका आहे तो म्हणतोय की, धोका तुमचा असला तरी पैसे आम्हीही घालतो, पण काम करा. क्लबने नकार दिला. मग मॉरेल यांनी क्लबचं सभासदत्व विकत घेतलं, निदान आत राहून लक्ष तरी ठेवता यावं म्हणून. १८८५ मध्ये ते वारले. १८८७ मध्ये रफही वारले. पत्रव्यवहार करणारे दोघेही गेले. धरण, जाळ्या आणि खालचं गाव मात्र होतं तिथेच होतं.

मॉरेल यांची कंपनीही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हे सांगायलाच हवं. जॉन्सटाउनच्या डोंगरांवरची झाडी तुटली होती, नदीच्या काठांवर राख-माती टाकून पात्र अरुंद केलं होतं, त्यामुळे गावात पाणी वारंवार शिरायचं. दर पुराला ‘धरण फुटणार’ अशी आवई उठायची आणि ते फुटायचं नाही. शेवटी लोक त्याची थट्टा करू लागले. या बेफिकिरीवरून दोष गावकऱ्यांच्याच माथी मारायला काही जण पुढे आले. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात भिंत नाही, फावडं नाही, कागदावर हक्क नाही, त्याने भीतीतच किती वर्षं राहायचं?

३१ मे

३० मेच्या रात्री धो धो पाऊस पडला. सकाळी तलाव चढताना दिसू लागला. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष इलायस अंगर तिथेच होते. त्यांनी मजुरांना कामाला लावलं. भिंतीचा माथा मातीने उंच करायचा प्रयत्न झाला, दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायचा प्रयत्न झाला, कठीण जमिनीत तो पुरेसा खोल गेलाच नाही. जाळ्या काढायला गेले तेव्हा त्या कचऱ्याने गच्च बसल्या होत्या. जॉन पार्क हा विशीतला तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्कला गेला, गावाला तारा पाठवा म्हणून. तारा गेल्याही, पण त्यांचा परिणाम झाला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास भिंत गेली. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीतून निघालं आणि ४ वाजून ७ मिनिटांनी जॉन्सटाउनवर आदळलं. दगडी रेल्वेपुलापाशी घरं, डबे, झाडं, तारा, माणसं यांचा ढीग अडकला आणि संध्याकाळी त्याने पेट घेतला. ९९ कुटुंबं समूळ गेली. दहा वर्षांखालची ३९६ मुलं गेली. ७७७ मृतांची ओळख पटलीच नाही. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत त्यांच्यासाठी नाव नसलेल्या संगमरवरी शिळांच्या रांगा आहेत. सोळाशे घरं आणि १ कोटी ७० लाख डॉलरची मालमत्ता नष्ट झाली.

मदत

मदतीचा ओघ मात्र थक्क करणारा होता, आणि तो श्रीमंतांचाच नव्हता. पिट्सबर्गच्या तुरुंगातल्या कैद्यांनीसुद्धा पाव भाजून पाठवले. अमेरिकेतून आणि १८ परदेशांतून मिळून ३७ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. सदुसष्ट वर्षांच्या क्लारा बार्टन ५ जूनला रेडक्रॉसची माणसं घेऊन पोचल्या आणि पाच महिने तिथून हलल्या नाहीत.

रॉबर्ट पिटकेर्न यांचं उदाहरण मला विशेष विचारात पाडतं. ते रेल्वेचे बडे अधिकारी आणि याच क्लबचे सभासद. त्या संध्याकाळी ते गाडीने जॉन्सटाउनकडे निघाले होते. वाटेत गाडी अडली, आणि नदीतून ढिगाऱ्यावर बसलेली, लटकलेली माणसं वाहत जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, उद्या नको, आजच करा. तासाभरात ४८,००० डॉलरच्या वर जमले. त्यांच्या तळमळीवर मी अजिबात शंका घेणार नाही. डोळ्यांदेखत बुडणाऱ्याला पाहून त्यांच्यातला माणूस जागा झाला. पण त्याच माणसाला १८८० ते १८८९ या काळात भिंतीवरून जाताना खालचं गाव दिसलं नव्हतं. समोरचं दुःख हलवून सोडतं आणि संभाव्य दुःख हलवत नाही, ही माणसाची जुनीच खोड आहे. तिच्यामुळेच दान पटकन होतं आणि दुरुस्ती राहून जाते.

क्लबने एक हजार ब्लँकेटं पाठवली. फ्रिक यांनी ५,००० डॉलर दिले, कार्नेगींच्या कंपनीने १०,०००. कँब्रिया कंपनीचं वाचनालय पुरात गेलं होतं, ते कार्नेगींनी पुन्हा बांधून दिलं.

आणि इथे एक विलक्षण योग आहे. जून १८८९ च्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या मासिकात कार्नेगींचा संपत्तीवरचा प्रसिद्ध निबंध छापून आला, म्हणजे धरण फुटलं त्याच दिवसांत. त्याचा गाभा असा की, गरजेपलीकडची संपत्ती ही श्रीमंताकडे समाजाची ठेव आहे, ती त्याने हयातीतच लोकांच्या भल्यासाठी वाटून टाकावी, आणि जो ती कवटाळून मरतो तो लाज घेऊन मरतो. धनिकांच्या कर्तव्यावर इतक्या स्पष्टपणे एखाद्या धनिकाने लिहिलेलं फार सापडत नाही. पुढे त्यांनी ते पाळलंही. ३५ कोटी डॉलरच्या आसपास त्यांनी वाटले, अडीच हजारांवर वाचनालयं उभी केली. मी हे मनापासून मानतो. तरी निबंधात एक जागा मोकळी राहते. तिथे संपत्ती हाती येऊन पडलेली असते, आणि प्रश्न सुरू होतो तो तिचं काय करायचं इथून. ती मिळवताना, ती भोगताना, आपल्या सोयीसाठी आपण कुणाच्या डोक्यावर काय टांगून ठेवलं, हा हिशेब त्यात येत नाही. आपल्याकडची जुनी शिकवण याबाबतीत जास्त काटेकोर आहे, असं मला वाटतं. ती आधी धन उत्तम व्यवहाराने जोडायला सांगते, वेचण्याची गोष्ट त्यानंतर येते.

कोर्टात

क्लबवर दावे झाले. एकाही वाचलेल्याला क्लबकडून भरपाई मिळाली नाही. क्लब ही वेगळी संस्था, तिच्या नावावर मालमत्ता जेमतेम, आणि सभासदांची वैयक्तिक मालमत्ता तिच्याबाहेर. एखाद्या ठराविक माणसाचा ठराविक निष्काळजीपणा सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. क्लबची बाजू सांभाळणाऱ्या वकिलांत नॉक्स होते, म्हणजे सभासदच. पूर ही दैवी आपत्ती मानली गेली.

इंग्लंडमध्ये १८६८ मध्येच एका जलाशयाच्या खटल्यात तत्त्व ठरलं होतं की, स्वतःच्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठवली आणि ती निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो, भरपाई साठवणाऱ्याने द्यायची. पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये ते नाकारलेलं होतं. जॉन्सटाउननंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या एकेक राज्याची न्यायालयं त्याच्याकडे वळली. हा बदल मेलेल्यांच्या उपयोगी पडला नाही.

अभियंत्यांच्या समितीने १८९१ मध्ये निष्कर्ष दिला की, एवढ्या पावसात मूळचं धरणही टिकलं नसतं. सव्वाशे वर्षांनी, २०१६ मध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन शाखेतल्या संशोधकांनी पुन्हा गणित मांडलं. माथा खाली आणल्याने पाणी सुरक्षितपणे वाहून जाण्याची क्षमता खूपच घटली होती, आणि धरण नीट, मूळच्या मापाने बांधलेलं असतं तर बहुधा टिकलं असतं, असं त्यातून निघालं.

मग कर्तव्य कुणाचं, आणि कोणतं?

सभासदांची बाजू जेवढी जोरात मांडता येईल तेवढी मांडून पाहू. ते विश्रांतीला येणारे लोक होते. धरण सरकारने बांधलेलं होतं, वर्षानुवर्षं उभं होतं. इशारा रफ यांच्याकडे गेला होता, सगळ्यांकडे नाही. वर्गणी भरणाऱ्याने प्रत्येक भिंतीचा अभ्यास करावा का? आणि शेवटी पाऊस त्यांनी पाडला नव्हता.

यातला शेवटचा मुद्दा मी लगेच बाजूला ठेवतो. पाऊस सगळ्यांवर पडतो, म्हणूनच सांडवे बांधतात. पण ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हा मुद्दा खराच जड आहे. माहीत नसलेल्या गोष्टीचा दोष माणसाला द्यायचा कसा? माझं उत्तर असं. गरीब माणसाला माहीत नसतं, कारण त्याला कुणी सांगत नाही आणि विचारायला गेला तर दार उघडत नाही. धनिकाला माहीत नसतं, कारण त्याला विचारावं लागत नाही. ही दोन अज्ञानं एका तागडीत घालता येणार नाहीत. या साठ जणांत कारखानदार होते, बँकवाले होते, रेल्वे चालवणारे होते. आपापल्या गिरण्यांत एक झडप गळली तर हिशेब मागणारी ही माणसं. त्यांच्यातल्या एकाने जरी वार्षिक बैठकीत ‘पाणी उतरवायची सोय काय?’ एवढं विचारलं असतं, तर उत्तर द्यायला रफ यांच्या टेबलात फुल्टन यांचा अहवाल तयार होता. पैसा विकत घेतो त्यांत विचारण्याची ताकद पहिली असते. ती वापरली नाही तर न वापरल्याचा दोष लागतो.

जबाबदारी साठ जणांत वाटली की ती प्रत्येकाच्या वाट्याला साठावा भाग येते, असा आपला समज असतो. सभासदत्वाच्या सोयीत असा विभाग कुणी करत नाही. तलाव प्रत्येकाला अख्खा मिळतो.

आणि म्हणून त्या हजार ब्लँकेटांकडे मी दान म्हणून बघू शकत नाही. दूरच्या गावात भूकंप झाला आणि मी ब्लँकेटं पाठवली तर ते माझं औदार्य. तेही कर्तव्यच आहे असं मी मानतो, पण त्यात किती द्यायचं यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. माझ्या भिंतीमागचं पाणी तुमच्या घरात शिरलं आणि मी ब्लँकेट पाठवलं, तर मी कर्जाचा पहिला, अगदी बारीक हप्ता भरतोय. त्याला औदार्य म्हटलं की धनकोच्या जागी याचक उभा राहतो. पूरग्रस्तांचं नेमकं हेच झालं. ज्यांनी मागायला हवं होतं त्यांना आभार मानावे लागले.

साठ जणांनी सर्वस्व द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. मोठ्या त्यागाची गरज इथे १८८० मध्ये नव्हती. तळाशी नळ, माथ्याला मूळची उंची, सांडव्याला मोकळं तोंड. काही मासे वाहून गेले असते. खर्चात वाटा उचलायला खालचे लोकही तयार होते. मदतीच्या कर्तव्याविरुद्ध नेहमी सांगितलं जातं की ते माणसाकडून फार मागतं. इथे मागणं इतकं कमी होतं की नकाराला कारणसुद्धा द्यावं लागलं नाही, आश्वासन पुरलं.

धरणाची दोन टोकं आजही उभी आहेत, मधला भाग रिकामा, त्यातून एक साधी नदी आणि रेल्वेचा रूळ जातो. १९६४ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. क्लबहाउस आणि सभासदांच्या काही बंगल्या अजून आहेत. खाली गावात पुराचं संग्रहालय आहे. लोक तिथे जाऊन मृतांच्या याद्या वाचतात, वाचलेल्या वस्तू बघतात. ते संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती कार्नेगींनी बांधून दिलेल्या वाचनालयाची.